व्हेंटिलेटरवरच्या बाळाच्या पेशी कमी आल्या? या चुका टाळा

व्हेंटिलेटरवरच्या नवजात बाळाच्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, पहिल्या काही दिवसांत बऱ्याचदा उतरतात. दाबाने हवा भरताना फुप्फुसाला इजा होते, तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांत पेशी अडकतात आणि खर्ची पडतात. बेळगावात एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, इतकी वर्षं काढली, पण चुका त्याच त्या बघते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे रिपोर्टवर डोळे झाकून विश्वास. खानापूरकडचं ३२ आठवड्यांत जन्मलेलं बाळ, व्हेंटिलेटरचा दुसरा दिवस. रात्री आकडा आला १८,०००. ड्यूटीवरच्या नव्या डॉक्टरने लगेच प्लेटलेटची चिठ्ठी लिहिली आणि बाळाचे वडील भर पावसात ब्लड बँकेकडे धावले. बाळाच्या अंगावर मात्र एक लाल ठिपका नाही, टोचलेल्या जागा कोरड्या. मी लॅबमध्ये जाऊन जांभळ्या बुचाची ट्यूब तिरकी केली. तळाशी मोहरीएवढी गुठळी! टाच पिळून थेंब थेंब रक्त घेतलं होतं, ते ट्यूबमध्येच गोठलं. शिरेतून पुन्हा घेतलं, १,१२,००० आले. तेव्हापासून आकडा आणि बाळ जुळत नसेल तर मी आधी ट्यूब बघते, मग स्मिअर (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं) मागवते. दहा मिनिटं लागतात, तेवढा धीर धराच.

दुसरी चूक, आकडा ५०,००० च्या खाली गेला की प्लेटलेटची पिशवी लावायची. २०१९ मध्ये ६६० अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ५०,००० च्या खाली जाताच प्लेटलेट दिलेल्या गटात मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव होण्याचं प्रमाण, २५,००० पर्यंत थांबलेल्या गटापेक्षा जास्त निघालं. रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी.

सगळं खापर मशीनवर फोडू नका. पहिल्या ७२ तासांत आईचं वाढलेलं बीपी, पोटात नीट न वाढलेलं बाळ ही कारणं आठवा. त्यानंतर पेशी घसरल्या तर जंतुसंसर्ग धरूनच चाला, रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) पाठवा, पोट फुगलंय का बघा.

पिशवी फ्रीजमध्ये ठेवू नका. प्लेटलेट २० ते २४ अंशांवर, हलत्या राहाव्या लागतात.

पेशी घसरल्या म्हणून घाईने व्हेंटिलेटरची नळी काढणंही चूक. मशीनचा दाब रोज थोडा कमी करता येतो का ते बघा.

आणि नातेवाइकांशी बोला. डेंग्यूमुळे ‘पेशी’ म्हटलं की निपाणीची आजी पपईच्या पानांचा रस घेऊनच येते. तिला बाजूला बसवून मी सांगते, "आजी, बाळाच्या तोंडात काही घालायचं नाही. आईचं दूध काढून आणा, ते आम्ही पोटातल्या नळीतून देतो."