मालदीवचा गारुदिया आणि मास हुनी: एकाच कुप्यातून दोन जेवणं

मालदीवच्या प्रवाळी बेटांवर भात पिकत नाही, तो बाहेरून येतो. हाताशी असतात नारळ आणि समुद्रातला कुपा, म्हणजे ट्युना. रात्री गारुदिया, म्हणजे माशाचा पातळ रस्सा करायचा आणि त्यातला मासा राखून सकाळी मास हुनी, म्हणजे मासा, नारळ आणि कांद्याचं कालवण न शिजवता कालवलेलं मिश्रण, असा बेत आपल्या घरीही जमतो.

कुपा घेताना मांस लाल आणि घट्ट हवं. बर्फाविना पडून राहिलेल्या कुप्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. म्हणून बर्फातलाच मासा घ्या आणि घरी आणल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवा.

चार जणांना १ किलो पुरतो. दोन-दोन इंचांचे तुकडे करून रक्त निघून जाईपर्यंत धुवा. दीड लिटर पाण्यात ३ चमचे मीठ घालून उकळी आणा, मग तुकडे सोडा. लगेच करडा फेस वर येतो, तो झाऱ्याने पुन्हा पुन्हा काढत राहा. गारुदियाचं सगळं यश या फेस काढण्यात आहे. आच मोठी ठेवली तर फेस पाण्यातच मिसळतो, रस्सा गढूळ आणि उग्र होतो. झाकण न ठेवता मध्यम आचेवर २० मिनिटं पुरेत. काही घरांत कांदा, कढीपत्ता, मिरी पडते, पण मूळ रश्शात मासा, पाणी, मीठ एवढंच. आपला हात हळद-कोकमाकडे जाईल, तो आवरा. आंबटपणा ताटात येतो: गरम भात, त्यावर रस्सा, वरून लिंबू, कच्चा कांदा, मिरची.

मास हुनीसाठी पाव किलो शिजलेला मासा निथळून रात्रीच फ्रिजमध्ये ठेवा. खरी चव धुरावलेल्या माशाची, म्हणजे वलो मासची. ती हवी असेल तर सकाळी मासा कुस्करून भांड्यात घ्या, मधोमध वाटीत करवंटीचा निखारा ठेवा आणि ५ मिनिटं झाका. डबाबंद ट्युना चालतो, पण पाण्यातला. तेलातला नारळाची चव दाबतो.

एक मध्यम कांदा बारीक चिरून, दोन मिरच्या, दीड चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घालून हाताने दोन मिनिटं चुरा. कांद्याला पाणी सुटलं की मासा मिसळा, आणि नारळ अगदी शेवटी: एक वाटी, ताजा, पांढराच खवलेला. नारळ आधी घालून चुरला तर गोळा होतो. सुकं खोबरं तर रस पिऊन टाकतं, मग घास कोरडा लागतो. केल्याकेल्या खावी, उरवू नये.

सोबत रोशी, म्हणजे तिथली पातळ पोळी. २ वाट्या मैदा, अर्धा चमचा मीठ, २ चमचे तेल आणि लागेल तसं गरम पाणी. पाऊण वाटीच्या आसपास लागतं. गार पाण्याची रोशी चिवट होते. कणीक १५ मिनिटं झाकून ठेवा, पातळ लाटा, कोरड्या तव्यावर भाजा आणि फडक्यात गुंडाळा. प्यायला बिनदुधाचा गोड चहा.

गारुदिया उरलाच तर मंद आचेवर आटवा. तिथे मोठाल्या भांड्यांत तासन्‌तास आटवून रिहाकुरू हा दाट, तपकिरी, फार खारट लगदा करतात. घरच्या लिटरभर रश्शाचे जेमतेम काही चमचे होतात. शेवटी सतत ढवळा, नाहीतर तळाशी लागतो. आटवायचं आधीच ठरलं असेल तर सुरुवातीला मीठ निम्मंच घाला.