बडोद्यात क्रम्प शिकायचं असेल तर

बडोद्यात क्रम्प, म्हणजे हिप-हॉपच्या कुळातला एक जोरकस नाच, किंवा एकूणच हिप-हॉप शिकायचं म्हणून क्लास शोधायला निघालात, तर बहुतेक ठिकाणी तुमच्याकडून गाणं बसवून घेतील. महिनाभर एकच गाणं, महिनाअखेरीस व्हिडिओ, मग पुढचं गाणं. त्यात मजा येते, अंग मोकळं होतं, चार मित्र मिळतात. पण वर्षभराने कुणी अनोळखी गाणं लावून ‘नाच’ म्हटलं, की पाय जागचे हलत नाहीत. म्हणून क्लास लावण्याआधी एवढं जरूर विचारा: फ्रीस्टाइलला, म्हणजे आधी न बसवता सुचेल तसं नाचायला, वेळ देता का? तासाच्या शेवटी थोडा वेळ जरी गोल करून एकेकाला मध्ये सोडत असतील, तरी तो क्लास धरा. फी थोडी जास्त असली तरी.

‘हिप-हॉप’ म्हणून आपण बरंच काही एका पोत्यात भरतो. जमिनीवर गिरक्या घेत नाचायचं ब्रेकिंग १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, डीजे कूल हर्कसारख्यांच्या पार्ट्यांत वाढलं. मध्येच अंग गोठवून थांबायचं लॉकिंग लॉस एंजेलिसच्या डॉन कॅम्पबेलचं, पॉपिंग फ्रेझ्नोच्या बूगालू सॅमचं. दोन्ही फंक संगीतावर उभी राहिली. प्रत्येकाचा ग्रूव्ह, म्हणजे लयीवर अंग झुलण्याची पद्धत, वेगळा, त्यामुळे सुरुवातीला सगळं थोडं थोडं चाखून बघा. माझं मत विचाराल तर पॉपिंग लवकर शिकावं. स्नायू झटक्यात आवळायचा आणि लगेच सोडायचा, ही सवय पुढे क्रम्पमध्ये छातीच्या पॉपला, म्हणजे छाती झटक्यात पुढे फेकायला, थेट कामी येते.

क्रम्प या सगळ्यांत धाकटं. १९९२च्या दंगलीनंतर लॉस एंजेलिसमध्ये थॉमस जॉन्सन ‘टॉमी द क्लाउन’ बनून मुलांच्या वाढदिवसांना नाचू लागला. त्यातून क्लाउनिंग ही शैली आली. तिच्यात वाढलेल्या सीझार विलिस ऊर्फ टाइट आइज आणि जोआर्टिस रॅटी ऊर्फ बिग मिजो यांनी २०००च्या सुमारास जास्त जोरकस, जास्त खोल असं काहीतरी घडवलं, ते क्रम्प. आजूबाजूला टोळ्या होत्या, आणि त्या वाटेला न जाता मनातलं बाहेर काढायला या कृष्णवर्णीय मुलांना जागा हवी होती. त्यांच्यातल्या कित्येकांसाठी हा नाच म्हणजे प्रार्थना होती. हे घरच्यांना सांगा. पहिल्यांदा बघणाऱ्याला क्रम्प म्हणजे नुसता संताप वाटतो आणि आई-बाबा घाबरतात. प्रत्यक्षात त्यात राग असतो तसा आनंद असतो, दुःख असतं, देवाचे आभारही असतात.

आता स्टॉम्प. क्रम्पचा पाया हाच आणि नवशिके इथेच घाई करतात, कारण व्हिडिओत डोळ्यांत भरतात ते हात. गुडघे वाकवून बसकं उभं राहा. एक गुडघा वर घ्या आणि अख्खं पाऊल एकदम जमिनीवर टाका. नुसती टाच आपटायची नाही. वजन कमरेतून खाली आलं पाहिजे आणि पाऊल टेकताना गुडघा वाकलेलाच राहिला पाहिजे. ताठ गुडघ्याने आपटलंत तर काही दिवसांत नडग्या ठणकायला लागतात. गच्चीवरच्या सिमेंटवर आणि घरातल्या टाइल्सवर तर हे नक्कीच. जाड तळव्याचे बूट घाला. सराव शक्यतो लाकडी फ्लोअरवर करा, नाहीतर सकाळी लवकर कमाटीबागेत मातीवर. फ्लॅटमध्ये करू नका, खालच्या मजल्यावर अक्षरशः हादरे बसतात.

त्यानंतर जॅब, आर्म स्विंग आणि चेस्ट पॉप. जॅबमध्ये हात सुटतो जोरात आणि थांबतो जागच्या जागी. तो थांबवायचा पाठीच्या आणि खांद्याच्या स्नायूंनी. कोपर पूर्ण सरळ होऊन खट्‌कन अडकलं की दुखापत ठरलेली. चेस्ट पॉपला श्वासाची जोड द्या, नाहीतर मान पुढे-मागे हलते आणि छाती तिथेच राहते. हे मोबाइलवर एका बाजूने शूट करून बघा, समोरून कळत नाही.

बडोदेकरांचं एक बलस्थान मात्र कुणी लक्षात घेत नाही: गरबा. लहानपणापासून आपण गोलात नाचलोय, मातीवर अनवाणी, गाणारे समोर आणि ढोल अंगात. तासन्‌तास न थकता नाचायचा दम आपल्याकडे आधीच असतो. अडचण येते ती दोन ठिकाणी. गरब्यात अंग उचललेलं आणि पाऊल हलकं असतं, क्रम्पमध्ये सगळं वजन खाली लागतं. आणि गरब्याचा हींच ताल सहा मात्रांचा, तर इथे मोजणी चाराची आणि आठाची. हींच अंगात मुरलेल्यांची पावलं सुरुवातीला लयीच्या पुढेमागे पडतात. नुसतं संगीत लावून मान हलवत आठ मोजत बसा, नाच नंतर. नवरात्राच्या नऊ रात्री क्लास ओस पडतात, तेव्हा नवी बॅच दसरा-दिवाळीनंतरच धरावी.

क्रम्पमध्ये शिष्यपरंपराही असते. तिला ‘फॅम’ म्हणतात. थोरला ‘बिग होमी’ तुम्हाला पदराखाली घेतो आणि त्याच्या नावापुढे ज्युनियर, लिल किंवा बेबी असं लागून तुमचं नाव होतं. उस्ताद फैयाज खाँ ज्या शहरात दरबारी गायक होते तिथल्या मराठी घरांत हे समजावणं सोपं आहे: घराणं म्हणा, आजीलाही कळेल. पण नावासाठी घाई करू नका. ते मागायचं नसतं.

पोटापाण्याचंही स्पष्ट सांगते. फक्त क्रम्पवर बडोद्यात घर चालवणं कठीण आहे. पैसे येतात ते शाळांच्या गॅदरिंगमधून, लग्नाच्या संगीतातून, लहान मुलांच्या बॅचमधून. तिथे कोरिओग्राफी यावीच लागते, म्हणून गाणं बसवायची कलाही शिकून घ्या. पदवी हवी असेल तर एम. एस. युनिव्हर्सिटीच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत भरतनाट्यम आणि कथक आहे. कथकच्या तत्कारावर, म्हणजे पदन्यासावर, मेहनत घेतलेल्यांची लय किती पक्की असते, ते मी जवळून पाहिलंय. ऑलिम्पिकची स्वप्नं दाखवून कुणी क्लास विकत असेल तर सावध राहा. २०२४ला पॅरिसमध्ये फक्त ब्रेकिंग होतं, आणि २०२८च्या लॉस एंजेलिसच्या यादीत तेही नाही.

क्लास कितीही चांगला असला तरी क्रम्प पक्कं होतं सेशनमध्ये, म्हणजे सगळे गोल करून एकेक जण मध्ये नाचतो त्या बैठकीत. पहिल्या सेशनला नाचलंच पाहिजे असं नाही. गोलात उभे राहा, मध्ये असलेल्याकडे बघा, त्याने काही जबरदस्त केलं की मनापासून ओरडा. त्या ओरडण्याला हाइप म्हणतात आणि नाचणाऱ्याला त्याची खरोखर गरज असते. मोबाइल खिशात ठेवा. तुमची पाळी आली आणि काही सुचेना, तर स्टॉम्प चालू ठेवा. हातांना काही सुचेपर्यंत गोलातले लोक सांभाळून घेतात.