कढीपत्त्यावरची अळी घरी कशी वाढवायची
कुंडीतल्या कढीपत्त्यावर चिमणीची शिट पडल्यासारखं काही दिसलं तर लगेच पुसू नका, नीट बघा, बऱ्याचदा ती मॉर्मन फुलपाखराची छोटी अळी असते, मोठी झाली की हिरवीगार होते. फांदीसकट बरणीत ठेवा, तोंडाला जाळीचं कापड, रोज ताजा पाला, पण बाजारातला नको, फवारलेला निघाला तर संपलं (माझ्या दोन गेल्या अशाच). लेंड्या रोज झटका, नाहीतर बुरशी धरते. डिवचलंत तर डोक्यामागून लाल दुफाटी शिंग काढते, वास भयंकर, चावत वगैरे नाही. खायचं सोडून भटकायला लागली की आत एक काडी तिरकी ठेवा, तिथेच कोष करेल. मग साधारण 10-12 दिवस हात लावायचा नाही, आणि बाहेर आल्यावरही पंख पुरते वाळू द्या, मगच सोडा.