मालिकेतील कलाकाराची प्रकट मुलाखत कशी घ्यावी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील वाचनालयांच्या व्याख्यानमाला, महाविद्यालयांची स्नेहसंमेलने आणि गणेशोत्सव मंडळे यांच्या कार्यक्रमांत मालिकेतील एखाद्या कलाकाराची प्रकट मुलाखत ठेवण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. गर्दी हमखास जमते. मात्र घरी परतणाऱ्या श्रोत्याला ‘काय ऐकलेत?’ असे विचारले, तर ‘माणूस फार साधा आहे हो’ याखेरीज सहसा उत्तर मिळत नाही. दोष बहुतेक वेळा प्रश्नांचा असतो. प्रसिद्धी, प्रकृती, कुटुंब आणि नम्रता हे चार विषय सरळ नाव घेऊन विचारले की पाहुणा शंभर ठिकाणी दिलेली उत्तरे पुन्हा देतो; तेच विषय त्याच्या कामाच्या दिवसातून काढले, तर त्याला आठवावे लागते आणि मग तो खरोखर बोलू लागतो. मुलाखतकाराने आपली सारी तयारी या धोरणाने करावी.

त्यासाठी मालिकेचे काम कसे चालते, याची माहिती आधी करून घ्यावी लागते. दैनंदिन मालिकेचे चित्रीकरण साधारणपणे १२ तासांच्या पाळीत होते; ती लांबतेही, आणि गोरेगावची चित्रनगरी, मढ किंवा ठाण्याचा घोडबंदर रस्ता येथे पोहोचण्याचा वेळ त्याखेरीज धरावा लागतो. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता सुमारे २२ मिनिटांचे कथानक असते आणि असे सहा-सात भाग दर आठवड्याला द्यावे लागतात. आधीच चित्रित करून ठेवलेल्या पुढच्या भागांची ‘बँक’ शिल्लक नसेल, तर आज चित्रित झालेले दृश्य एकदोन दिवसांत प्रेक्षकांसमोर येते, त्यामुळे संवादाचे कागद कधी कधी सेटवरच हातात पडतात. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्यांवरून एखाद्या पात्राचा ‘ट्रॅक’, म्हणजे कथेतला धागा, वाढतो, आटतो किंवा संपतो. मानधन बहुधा काम झाल्यानंतर ९० दिवसांनी मिळते, म्हणजे रोज घराघरांत दिसणारा नवा कलाकार पहिले तीन महिने उसनवारीवर राहत असण्याची शक्यता असते. एवढे ठाऊक असलेला मुलाखतकार ‘प्रसिद्धी मिळाल्यावर कसे वाटते?’ असे विचारणार नाही. ‘गुरुवारी दुपारी सेटवर कोण कोणाशी बोलत नाही?’ असे तो विचारेल. पहिले मानधन येईपर्यंत घरभाडे कसे भरले, हाही उत्तम प्रश्न आहे. फक्त तो विचारण्यापूर्वी पाहुण्याची संमती घ्यावी.

प्रसिद्धीबद्दल बोलताना खान्देशातील मुलाखतकाराच्या हाती एक मोठे उदाहरण आहे, ते त्याने जरूर वापरावे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये वारल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हते, आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये. स्वतःच्या कीर्तीचा एक दिवसही न पाहिलेली कवयित्री एकीकडे आणि रोज रात्री ठरलेल्या वेळी लाखो घरांत दिसणारा, पण मालिका संपल्यावर दोन वर्षांत विस्मरणात जाऊ शकणारा कलाकार दुसरीकडे, असा प्रसंग मांडून ‘यांतले कोणते ओझे आपल्याला अधिक पेलवले असते?’ असे विचारल्यास पाहुणा थांबेल. त्याला थांबू द्यावे. अशा शांततेला घाबरून लगेच पुढचा प्रश्न विचारणे, ही नवख्या मुलाखतकारांची सर्वांत महागात पडणारी सवय आहे.

पात्र आणि माणूस यांची गल्लत हाही प्रसिद्धीचाच भाग आहे. खलनायिकेची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीला बाजारात बायका सुनावतात, सोशिक सुनेची भूमिका करणारीला ओटी भरायला बोलावतात. येथे ‘गमतीदार किस्सा सांगा’ म्हणू नये. किस्से तयार असतात. लोक आपल्याशी बोलत नसून पात्राशी बोलत आहेत हे कोणत्या क्षणी कळले, आणि त्या वेळी उत्तर पात्राने दिले की आपण, असे विचारावे. त्यापुढचा प्रश्न मालिका बंद झाल्यानंतरच्या पहिल्या महिन्याचा असावा. फोन कोणाचे येत राहिले, हे सांगताना बहुतेक कलाकार मोकळे होतात.

प्रकृतीच्या विषयात अधिक सावध राहावे लागते, कारण समोर पहिल्या चार रांगांत सोळा-सतरा वर्षांची मुले बसलेली असतात आणि पाहुणा जे सांगेल ते उद्यापासून करायला ती तयार असतात. ‘आपल्या फिटनेसचे रहस्य काय?’ हा प्रश्न टाळावा. त्याऐवजी काल रात्री किती वाजता जेवलात, किती तास झोपलात आणि दृश्याची वाट पाहत किती वेळ खुर्चीत बसून होतात, हे विचारावे. मालिकेतील कामाचा मोठा भाग वाट पाहण्यात जातो. जड साडी किंवा शेरवानी, दिव्यांची उष्णता आणि अवेळी येणारे जेवणाचे डबे यांत शरीर टिकवणे ही खरी कसोटी असते. शिवाय ‘कंटिन्युइटी’चा, म्हणजे सलग प्रसंगात रूप तंतोतंत तेच ठेवण्याचा, जाच असतो, कारण एकच प्रसंग तीन दिवस चित्रित होत असेल, तर चेहऱ्यावरची सूजही पडद्यावर दिसते. मुलाखतकाराने जागतिक आरोग्य संघटनेची साधी शिफारस लक्षात ठेवावी: प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा, आणि चांगले चालणे त्यात मोजले जाते. पाहुणा रोज तीन तास व्यायामशाळेत घालवतो असे म्हणाला, तर भूमिकेची गरज आणि माणसाची गरज यांतील अंतर त्याच्याकडूनच स्पष्ट करून घ्यावे. चित्रीकरणापूर्वी पाणी कमी केले, इंजेक्शने घेतली, अमुक पावडर घेतली, असे काही निघाले तर हसून पुढे जाऊ नये. ते कोणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली केले आणि पुढे काय त्रास झाला, हे त्याच ठिकाणी विचारावे. अशा वेळी मुलाखतीची लय बिघडली तरी चालेल.

जेवणाचा विषय आपल्याकडे आपोआप निघतो. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी डाळ-धान्याच्या जोडीमुळे प्रथिनांच्या दृष्टीने चांगली असते, हे पाहुण्याला आवर्जून सांगता येईल. शेवभाजीबद्दल तसा दावा करू नये. आणि कृपा करून भरिताची पंगत कार्यक्रमानंतर ठेवावी. तेलात न्हालेले भरीत आणि पुऱ्या सायंकाळी पाच वाजता खाऊ घातलेल्या पाहुण्याकडून सात वाजता विचारी उत्तरांची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

कुटुंबाबद्दल काय विचारू नये, हे पाहुण्याशी आधी फोनवर बोलून ठरवावे आणि ते पाळावे. अविवाहित अभिनेत्रीला लग्नाविषयी, विवाहित अभिनेत्रीला मुलांविषयी आणि अभिनेत्याला मात्र भूमिकांविषयी विचारण्याची जी रीत पडली आहे, ती सोडून द्यावी. घर कोण सांभाळते हा प्रश्न विचारायचाच असेल, तर तो पुरुष कलाकारालाही त्याच गांभीर्याने विचारावा. मुलांची नावे आणि शाळा हे व्यासपीठावर कधीही काढू नये. पाहुणा मूळचा खान्देशातील असेल, तर विषय अधिक रंगतो. जळगाव ते मुंबई हे रेल्वेचे अंतर सुमारे ४२० किलोमीटर आहे, म्हणजे एका रात्रीचे; तरीही पाळीच्या कामात ती रात्र मिळत नाही. कानबाईच्या रोटांच्या सणाला किंवा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेवटचे घरी कधी होतात, सुट्टी मागितली तेव्हा निर्मितीप्रमुख काय म्हणाले, आईशी फोनवर अहिराणीत किंवा लेवा बोलीत बोलताना मेकअपदादा काय म्हणतात, असे प्रश्न विचारावेत. आईवडील सभागृहात बसले असतील, तर त्यांना अचानक व्यासपीठावर ओढू नये. टाळ्या पडतात, पण त्यानंतर पाहुणा मोकळेपणाने बोलत नाही.

नम्रतेबद्दल प्रश्नच विचारू नये. ‘एवढे यश मिळूनही आपले पाय जमिनीवर कसे?’ या प्रश्नाला नम्र माणूस उत्तर देऊ शकत नाही आणि गर्विष्ठ माणूस फार सुरेख देतो. सेटवर चहापाणी आणि किरकोळ कामे पाहणाऱ्या स्पॉटदादांची नावे, कनिष्ठ कलाकाराचा संवाद वारंवार चुकत असताना आपण काय केले, दिग्दर्शकाने सर्वांसमोर सुनावले तेव्हा काय वाटले, एवढे विचारले की श्रोते आपला निष्कर्ष काढतात. शिवाय हा विषय बिघडवण्यात आयोजकांचाही वाटा असतो. सत्कार, शाली, प्रायोजकांची भाषणे आणि लोकप्रतिनिधींचे मनोगत यांत पाऊण तास जातो, आणि पहिलीच मालिका करणाऱ्या मुलीची ओळख ‘दुसरी स्मिता पाटील’ म्हणून करून दिली जाते. स्मिता पाटील यांचे घराणे शिरपूरचे आणि त्यांची सुरुवात मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचण्यापासून झाली, याचा अभिमान आपल्याला असणे स्वाभाविक आहे. परंतु त्या नावाखाली नव्या मुलीला उभे करणे तिच्यावर आणि त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे. ओळख दोन मिनिटांची असावी व सत्कार शेवटी करावा.

व्यवस्थेच्या बाबी थोडक्यात सांगतो. कलाकाराची तारीख निर्मितीसंस्थेच्या हाती असते, म्हणून होकार लेखी घ्यावा, मानधन आणि प्रवासखर्च त्यातच नमूद करावा आणि पाळी अचानक बदलल्यास पर्यायी कार्यक्रम तयार ठेवावा. उन्हाळ्यात मोकळ्या मैदानावरील मुलाखत रात्री आठपूर्वी सुरू करू नये. श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर मागवून त्यांतले पाच-सहाच निवडावेत, आणि सेल्फीसाठी शेवटी २० मिनिटे राखीव असल्याचे आरंभीच जाहीर करावे, म्हणजे मुलाखत चालू असताना कोणी व्यासपीठाकडे सरकत नाही. कार्यक्रमाचे ध्वनिचित्रमुद्रण समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी पाहुण्याला ते एकदा पाहू द्यावे, कारण कथानक आधी न फोडण्याची अट करारात बहुधा असते आणि बोलण्याच्या ओघात पुढच्या आठवड्यातला प्रसंग सहज निसटून जातो.