शेजारच्या युनियनचा संप, तुम्ही मात्र ड्युटीवर: या चुका टाळा

एका कारखान्यात दोन युनियन असणं आपल्या एमआयडीसीत काही नवं नाही. एकीने संपाची नोटीस लावली की दुसरीच्या सभासदांची पंचाईत होते. आत जावं तर फुटीर, बाहेर बसावं तर कंपनीची चार्जशीट. घोळ होतात ते बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत, कुणाला काही न विचारता.

भरात येऊन संपात उडी घेणं

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार नोटीस दिल्यावर 14 दिवस संप करता येत नाही. सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर बोलणी चालू असताना आणि ती संपल्यावर 7 दिवसही नाही. महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्यातही 14 दिवसांची नोटीस होतीच. शेजारच्या युनियनने हे सगळं पाळलं असेल, पण त्यांच्या नोटिशीची ढाल तुम्हालाही मिळेल असं धरून चालू नका. साथ द्यायचीच असेल तर आपल्या युनियनची सभा घ्या, ठराव करा, आपली नोटीस द्या.

‘मग सगळे मिळून एक दिवस सीएल (किरकोळ रजा) टाकू’ ही शक्कल आता चालत नाही. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली की कायद्याच्या लेखी तो संपच. बेकायदेशीर संपात उतरणाऱ्याला 1,000 ते 10,000 रुपये दंड, महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. चिथावणी देणाऱ्याचा दंड 10,000 पासून सुरू होतो. त्यामुळे ‘उद्या कुणी पंचिंग करू नका’ हा मेसेज ग्रुपवर ढकलण्याआधी दोनदा विचार करा.

पगाराचा हिशेबही आधीच करा. 1977 मध्ये बँक ऑफ इंडियाच्या कर्मचाऱ्यांनी चार तासांचा संप केला आणि उरलेला दिवस काम केलं. बँकेने पूर्ण दिवसाचा पगार कापला आणि 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कपात योग्य ठरवली. पुढे 1994 मध्ये घटनापीठाने सांगितलं की संपकाळाचा पगार हवा असेल तर संप कायदेशीर तर हवाच, शिवाय न्याय्यही हवा.

त्यांचं काम अंगावर घेणं

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक हीच, आणि ती फार साध्या वाक्यातून होते. सेकंड शिफ्टला सुपरवायझर येतो आणि म्हणतो, ‘अरे, जरा दोन तास त्या लाइनवर उभा राहा.’ दोन तासांची शिफ्ट होते, शिफ्टचा आठवडा होतो आणि बाहेर मंडपात बसलेल्यांचा संप तुमच्या हातून मोडला जातो. कामावर येणं म्हणजे संप फोडणं नव्हे. त्यांच्या मशीनवर उभं राहणं हे मात्र तेच.

पण तोंडावर ‘करणार नाही’ म्हणून निघून जाऊ नका. वरिष्ठांचा कायदेशीर आणि वाजवी आदेश मुद्दाम मोडणं हे स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या सेवानियमांत, गैरवर्तन आहे, आणि व्यवस्थापन अशा वेळी निमित्तच शोधत असतं. त्याऐवजी तिथल्या तिथे दोन ओळी लिहून द्या: ‘आज मला अमुक लाइनवर काम करण्यास तोंडी सांगितले. हे माझे नेमणुकीचे काम नाही व या मशीनचे प्रशिक्षण मला मिळालेले नाही. कृपया लेखी आदेश द्यावा.’ तारीख, वेळ घाला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर फोटो काढून युनियनच्या सेक्रेटरीला पाठवा. अनुभव असा की लेखी मागितलं की निम्मे आदेश तिथेच विरतात. लेखी आलाच तर निषेध नोंदवून काम करा आणि वाद युनियनमार्फत पुढे न्या. प्रेससारख्या मशीनवर प्रशिक्षणाशिवाय मात्र हात घालू नका, तो बोटांचा प्रश्न आहे.

गेटवर बाहेरून नवी माणसं भरती होताना दिसली तर नोंद ठेवा. संप बेकायदेशीर नसताना अशी भरती करणं ही मालकाची अनुचित कामगार प्रथा आहे आणि त्याचे साक्षीदार तुम्हीच. दुसऱ्या बाजूने, गेटवर आडवं पडून तुम्हाला अंगाने अडवणं युनियनलाही चालत नाही. पण लगेच पोलिसांना फोन लावू नका. आधी त्यांच्या प्रतिनिधीशी बोला, बहुतेक वेळा वाट मिळते.

‘आपल्याला काय त्याचं’ म्हणणं

त्यांच्या शॉपमधलं काम थांबल्यामुळे तुमच्या शॉपला ले-ऑफ दिला, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलं, तर? एरवी ले-ऑफमध्ये मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. आस्थापनेच्या दुसऱ्या भागातल्या संपामुळे ले-ऑफ आला असेल तर ती मिळत नाही. हे कलम पूर्वीच्या कायद्यातही होतं, तरी दरवेळी माणसं चकित होतात.

बोलणी कुणाशी होणार हेही बघा. मुंबईच्या 1982 च्या गिरणी संपात कामगार त्यांचे नेते दत्ता सामंत यांच्या मागे होते, पण कायद्याने बोलणीचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. नव्या संहितेत 51 टक्के सभासद असलेली युनियन एकटी बोलणी करते. तसं कुणीच नसेल तर किमान 20 टक्केवाल्या युनियनांची मिळून परिषद बसते. तुमची युनियन त्या टेबलावर असेल तर संपावरच्यांचे निलंबन मागे घेण्याचा मुद्दा तिथे मांडा. हे काळ्या फितीपेक्षा जास्त उपयोगाचं. त्यांच्या सभासदांना फोडून आपली पावती फाडायचा मोह मात्र आवरा.

शिफ्ट सुटल्यावर त्यांच्या द्वारसभेला जा. आवारात परवानगीशिवाय सभा नको. घरांसाठी धान्य, मुलांची फी द्यायची असेल तर पैसे त्याच कामाला गेल्याच्या पावत्या ठेवा, कारण बेकायदेशीर संपाला थेट पैसा पुरवणं हाही गुन्हा आहे.

शेवटी करार होतो तेव्हा एचआर ‘करार मान्य आहे’ असं हमीपत्र सहीसाठी पुढे करतं. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार सगळ्या कामगारांना लागू होतो, बाहेर परस्पर झालेला फक्त सही करणाऱ्या पक्षांना. थकबाकीच्या रकमेकडे बघून लगेच पेन उचलू नका. झेरॉक्स मागा, करार किती वर्षांचा आहे आणि उत्पादनाचा आकडा किती वाढवलाय ते बघा, युनियन ऑफिसात दाखवा. मग काय ते ठरवा.