कोडचं लायसन्स वेगळं, त्यातून निघणाऱ्या नकाशाचं वेगळं

समजा ठाण्याच्या टीएमटी आणि नवी मुंबईच्या एनएमएमटीच्या बसरूटचा मराठी नकाशा पीडीएफमध्ये काढून देणारं सॉफ्टवेअर तुम्ही बनवताय, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावता येईल असा. कोड पब्लिक टाकला की झालं फ्री सॉफ्टवेअर, म्हणजे कोणीही वापरा, बदला, वाटा, असं लोकांना वाटतं, पण लायसन्स, म्हणजे तशी लेखी परवानगी, नसेल तर कायद्याने सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात, बाकीच्यांनी नुसतं बघायचं.

त्याआधी कोड तुमचाच आहे ना ते बघा. ऐरोली-महापेला आयटी कंपनीत नोकरी असेल तर 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं की वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची मालक कंपनी, आणि काही ऑफर लेटरमध्ये तर वीकेंडचं कामही ओढून घेणारा क्लॉज असतो. एचआरकडून मेलवर लेखी घ्या, मॅनेजर चहा पिताना 'कर रे बिनधास्त' म्हणाला ते धरू नका.

आता कोड. कोणी तो घेऊन, बंद करून (म्हणजे कोड न देता) विकला तरी चालणार असेल तर एमआयटी लायसन्स, किंवा पेटंटची परवानगी स्पष्ट हवी तर अपाची 2.0. चालणार नसेल तर जीपीएल 3, म्हणजे कॉपी देणाऱ्याने बदललेला कोडही त्याच लायसन्सखाली द्यायचा. पण जीपीएलची अट कॉपी दुसऱ्याला दिली की लागते, कोणी बदल करून फक्त स्वतःच्या सर्व्हरवर वेबसाइट चालवली तर तो कोड द्यायला बांधील नाही. असं वेबवर चालणारं काही असेल तर मी डोळे झाकून एजीपीएल 3 लावेन, त्यात बदललेली वेबसाइट वापरणाऱ्यांनाही कोड द्यावा लागतो.

खरा गोंधळ आउटपुटचा. प्रोग्राम जीपीएल म्हणून पीडीएफ जीपीएल होत नाही, प्रोग्राम स्वतःचाच तुकडा आउटपुटमध्ये टाकत असेल तरच प्रश्न येतो, बायसन या कोड तयार करून देणाऱ्या प्रोग्रामने याच कारणासाठी खास सूट लिहून ठेवलीय. म्हणून तुमची टेम्प्लेट, आयकॉन सीसी झीरोखाली (क्रिएटिव्ह कॉमन्सचं, सगळे हक्क सोडून देणारं) सोडा, कटकट नको. डेटा मात्र पाठ सोडत नाही. ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला नकाशाचा खुला डेटा, 2012 पासून ओडीबीएल या डेटाबेससाठीच्या लायसन्सखाली आहे, म्हणजे छापलेल्या नकाशाला लायसन्स तुम्ही ठरवा पण ओपनस्ट्रीटमॅपचं क्रेडिट हवंच, आणि त्यांचा डेटा सुधारून त्यावरून नकाशे लोकांना दिलेत तर तो सुधारलेला डेटाही मागेल त्याला ओडीबीएलखालीच द्यायचा. ‘मुक्ता’सारखा ओएफएल (फॉन्टसाठीचं खुलं लायसन्स) असलेला फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड केला तर काही अडत नाही, फॉन्ट ॲपसोबत देताना लायसन्सची फाइल जोडा, नुसता फॉन्ट विकायचा नाही.

मॅन्युअलला सीसी बाय-एसए 4.0 मस्त, म्हणजे क्रेडिट द्या आणि बदललेलं त्याच लायसन्सखाली वाटा. कोडला सीसी नको, क्रिएटिव्ह कॉमन्सवाले स्वतःच नको म्हणतात. आणि एनसी, म्हणजे धंद्यासाठी वापर नको ही अट, लावूच नका, जांभळी नाक्याचा झेरॉक्सवाला पैसे घेऊन प्रिंट काढतो त्याचं काय करणार?

हे सगळं पहिला बाहेरचा पॅच (दुसऱ्याने पाठवलेला कोडमधला बदल) घेण्याआधी ठरवा, नंतर लायसन्स बदलायचं तर बहुतेक वेळा प्रत्येकाची परवानगी मागत फिरावं लागतं. लायसन्सचा पूर्ण मजकूर प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये, प्रत्येक फाइलच्या डोक्यावर एसपीडीएक्सची (लायसन्सचं ठरलेलं छोटं नाव सांगणारी) एक ओळ, आणि कोड, आयकॉन, डेटा कशाला काय लागू ते रीडमीमध्ये.