एल्कसाठी काडतूस निवडताना

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. मी लिहितोय ते अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याबद्दल. तिथे मी परवाना काढून दर ऑक्टोबरला एल्क या मोठ्या हरणाच्या मागे डोंगर चढतो.

आधी अंतर ठरवा, काडतूस नंतर. दम लागलेला असताना, वाऱ्यात, जेवणाच्या ताटाएवढ्या गोलात सलग पाच गोळ्या किती यार्डांवरून बसतात? माझ्या ४०० वरून बसतात. मग तेवढ्या अंतरावर गोळीचा वेग किती उरतो ते काडतुसाच्या वेग-अंतराच्या तक्त्यात बघा. बऱ्याच शिकारी गोळ्या सेकंदाला साधारण १८०० फुटांखाली जनावराच्या अंगात शिरल्यावर नीट फुलत, म्हणजे पसरून रुंद होत, नाहीत. नुसतं भोक पडतं आणि जखमी जनावर लांब निघून जातं.

६.५ क्रीडमूर हे २००७ साली आलेलं काडतूस लहान हरणाला उत्तम. १४३ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) लांबट गोळी वाऱ्याने कमी ढळते, धक्काही सौम्य. एल्कवर मात्र मी ते ३०० यार्डांपुढे वापरत नाही.

.३०० विनचेस्टर मॅग्नम या काडतुसात जोर भरपूर, पण खांद्याला धक्का क्रीडमूरच्या जवळजवळ दुप्पट. दोन वर्षं त्या काडतुसाची रायफल वापरली. ट्रिगर दाबायच्या आधीच माझा डोळा मिटायचा. एकदा गोळी मागे, पोटात लागली. रात्रभर बॅटरीच्या उजेडात गवतावरचे रक्ताचे थेंब शोधत फिरलो; मादी सापडली ती उजाडल्यावर. तो आठवडा मला जेवण गेलं नाही. रायफल विकली.

आता माझ्याकडे ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम काडतुसाची रायफल आहे, १६० ग्रेनची गोळी. घेण्याआधी जवळच्या दुकानात तीच काडतुसं नेहमी मिळतात का, तेवढं विचारा. सरावालाच शंभरेक लागतात.